वरखर्चाची पेटी: पहिल्या व्हाउचरपासून 31 मार्चच्या मोजणीपर्यंत

लातूरची डाळ मिल घ्या, जालन्याचं बियाण्याचं दुकान घ्या, नाहीतर वाळूजमधलं सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप. सकाळी पाण्याचे जार उतरतात. ट्रक काट्यावर जातो, काट्याचे पैसे द्यावे लागतात. दुपारी धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या मोटारीचा बेल्ट तुटतो आणि कुणीतरी बाजारात पळतो. संध्याकाळी एसटीनं आलेलं पार्सल सोडवायचं असतं. प्रत्येक वेळी रक्कम शंभर-दोनशेची, त्यामुळे ती लिहायचा कंटाळा होतो. महिनाअखेर मुनीम कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, घेऊन बसला की चार-पाच हजारांचा मेळ लागत नाही. बहुतेक वेळा पैसे कुणी खाल्लेले नसतात, खर्च खराच झालेला असतो, नसतो तो फक्त कागद. आणि कागद नसला की बोट दाखवलं जातं ते पेटी सांभाळणाऱ्याकडे, जो बहुधा तिथला कमी पगाराचा माणूस असतो. वरखर्चाच्या या पेटीची, म्हणजे पेटी कॅशची, शिस्त मालकाच्या पैशासाठी आहेच, पण त्याहून जास्त ती त्या माणसाच्या अब्रूसाठी आहे.

सगळी पद्धत एका समीकरणावर उभी आहे. पेटीतली रोख, अधिक पेटी भरल्यापासून झालेल्या खर्चाची व्हाउचरं (खर्चाचे सही केलेले कागद), अधिक कुणाच्या अंगावर असलेल्या रकमेच्या चिठ्ठ्या, यांची बेरीज दिवसाच्या कुठल्याही मिनिटाला ठरलेल्या रकमेइतकीच आली पाहिजे. हिशेबनीस याला इम्प्रेस्ट म्हणतात. पेटीत कधी पाच हजार टाकले, कधी दोन, संपले की पुन्हा मागितले, ही पद्धत चालते असं वाटतं. पण तिच्यात मोजून पडताळायला काहीच नसतं. किती असायला हवे होते हेच माहीत नसेल तर कमी आहेत हे कळणार कसं?

रक्कम किती ठेवायची

अंदाजानं आकडा धरू नका. मागच्या चार आठवड्यांचे किरकोळ खर्च, आठवतील तेवढे, एका कागदावर मांडा. दोन पाळ्यांत पंधरा-वीस माणसं असलेल्या डाळ मिलचा एका आठवड्याचा नमुना असा येऊ शकतो: चहा रोज 260 प्रमाणे सहा दिवसांचे 1,560, पाण्याचे रोज सहा जार, 30 रुपये दरानं, आठवड्याचे 1,080, वजनकाटा रोज 200 म्हणजे 1,200, पार्सल आणि कुरिअर 500, सुतळी, दाभण, झेरॉक्स, वह्या 400, ऑटो-टेम्पो 1,200, बेल्ट, बेअरिंग, फ्यूज, वेल्डिंग अशी किरकोळ दुरुस्ती 2,000, मोटारसायकलचं पेट्रोल 900. बेरीज 8,840. आठवड्यातून एकदा पेटी भरायची असेल तर 10,000 पुरतात. दर आपल्या गावचे घ्या, मांडणी हीच ठेवा.

महिनाभर पुरेल एवढी रक्कम पेटीत ठेवायचा मोह टाळा. 40,000 रुपये पेटीत पडून राहिले की त्यांना पाय फुटतात. कुणाला उसने जातात, कुणाची नड भागवली जाते, आणि पेटीची बँक होते. उलट रक्कम फारच कमी ठेवली तर बुधवारीच खडखडाट होतो आणि पोरं विक्रीच्या गल्ल्यातून उचलायला लागतात. विक्रीची रोख आणि वरखर्चाची पेटी एकत्र आली की दोन्हींचा हिशेब गेला.

हंगामाचा विचार आधीच करा. ऑक्टोबरला सोयाबीन आणि जानेवारीपासून तूर यायला लागली की काट्याचा, टेम्पोचा, सुतळीचा खर्च वाढतो. तेवढ्या दिवसांपुरती पेटी 15,000 ची करायची असेल तर मालकाच्या सहीचा कागद करा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मुदत संपली की वरचे 5,000 बँकेत परत भरा.

पेटी कुणाकडे आणि मर्यादा कोणती

पेटी एकाच माणसाकडे. दोघांकडे असली की ती कुणाचीच नसते. कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी मालकाकडे बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांची सही. तो रजेवर जाणार असेल, लग्नसराईत तर जाणारच, तर जायच्या आधी नवा माणूस आणि तो समोरासमोर बसून मोजतात, नोटांच्या प्रकारांसह आकडे लिहितात आणि दोघं सही करतात. परत आल्यावर पुन्हा तेच. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे न केल्यानं दोन चांगल्या माणसांत वर्षानुवर्षांचा अबोला धरला जातो.

खर्च मंजूर करणारा आणि पैसे देणारा वेगळा असावा. छोट्या दुकानात एवढी माणसं नसतात हे खरं. तिथं रोज संध्याकाळी मालकानं त्या दिवसाच्या व्हाउचरांवर नजर टाकून सही करावी.

एका व्हाउचरची मर्यादा ठरवा, साधारण 1,000 रुपये. त्यावरचा खर्च बँकेतून. मर्यादा आहे म्हणून 1,800 चं बिल 900-900 चं करून आणणारे भेटतात. एकाच दुकानाची, एकाच तारखेची दोन बिलं दिसली की त्यांना एकच समजा. यामागं आयकराचं कारणही आहे. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च धंद्याच्या नफ्यातून वजा मिळत नाही, आणि इथंही दिवसभराची बेरीजच धरतात. मालवाहतूकदाराला ही मर्यादा 35,000 आहे. शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे रोख देण्याला यातून सूट आहे, पण मालखरेदी हा मुळात पेटीचा विषयच नाही.

पेटीतून काय द्यायचं नाही याची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. कामगारांची उचल नाही. बाजाराच्या दिवशी पाचशे मागणारा माणूस खरंच अडलेला असतो, त्याला द्या, पण मुख्य रोकडीतून आणि उचलीच्या वहीत लिहून, म्हणजे पगारातून वळती होईल. पगार नाही. ट्रकचं भाडं किंवा ॲडव्हान्स नाही. नोंदणीकृत माथाडी कामगारांची मजुरी मंडळामार्फत जाते, ती इथून नाही. आणि घरचा खर्च नाही. मालकांनी भाजीला दोनशे नेले तर ते मालकाच्या उचल खात्याला लागतात, दुकानाच्या चहापाण्याला नाही. खरं सांगायचं तर घरच्या धंद्यात पेटी बिघडते ती बहुधा इथूनच, कारण पेटी सांभाळणारा मालकाकडे सही मागू शकत नाही. मालकानं पहिल्याच दिवशी स्वतः एक व्हाउचर लिहून सही करावी. पुढचं वर्ष सोपं जातं.

व्हाउचर

नियम एकच आहे: आधी व्हाउचर, मग पैसे. "नंतर लिहू" म्हटलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

छापील, आधीच अनुक्रमांक टाकलेलं पुस्तक घ्या. सुटे कोरे कागद नकोत, कारण मधला एक गायब झाला तर कळत नाही. चुकलेलं व्हाउचर फाडून फेकू नका. त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा आणि पुस्तकातच राहू द्या. व्हाउचरवर तारीख, पैसे घेणाऱ्याचं नाव, खर्चाचं कारण, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, मंजुरीची सही आणि खर्चाचं खातं असायला हवं. रक्कम लिहिताना आकड्याच्या अगदी डावीकडून सुरुवात करा आणि शेवटी "/-" ओढा. 150 च्या आधी बोटभर जागा सोडली तर तिथं 1 बसायला वेळ लागत नाही.

कारण लिहिताना सगळ्यात जास्त आळस होतो. "दुरुस्ती 420" याचा तीन महिन्यांनी काही अर्थ लागत नाही. असं लिहा: "2 नंबर एलिव्हेटरच्या मोटारीचा व्ही-बेल्ट तुटला, बी-72 साइज, 1 नग, बिल जोडलं." आता याच एलिव्हेटरचा बेल्ट महिन्यात तिसऱ्यांदा तुटला हेही याच कागदांतून दिसतं, म्हणजे पुली सरळ रेषेत नाही किंवा ताण जास्त दिलाय. फिटरला तिथं बघायला सांगता येतं.

बिल मिळतं तिथं ते फर्मच्या नावानंच मागा, "रोख" नावाचं नको. करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत धंद्यानं बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्यावा. तो नसेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, हातचं जातं. बेअरिंग, बेल्ट, स्टेशनरीत वर्षाला बऱ्यापैकी रक्कम निघते. चहा-नाश्त्याच्या बिलावर मात्र क्रेडिट मिळत नाही, आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीच.

बिल मिळतच नाही अशा ठिकाणी, म्हणजे चहावाला, ऑटोवाला, रोजंदारीवर साफसफाईला आलेली बाई, व्हाउचरच पुरावा असतो. त्यावर घेणाऱ्याची सही घ्याच. चहावाल्याला रोज पैसे देण्यापेक्षा त्याची वही ठेवा, रोजचे कप टिपा आणि बुधवारी व शनिवारी एकेक व्हाउचर करा, म्हणजे मर्यादाही ओलांडत नाही. सहा कागदांचे दोन होतात आणि कपांचा वादही मिटतो.

बिल व्हाउचरला स्टेपल केल्यावर दोन्हींवर मिळून पडेल असा "पैसे दिले" शिक्का मारा, तारखेसह. एकच बिल दोनदा येणं ही पेटी कॅशमधली सगळ्यात जुनी गळती आहे, आणि दर वेळी ती लबाडीच असते असं नाही. खिशात राहिलेलं बिल महिन्यानं सापडतं आणि माणूस प्रामाणिकपणे पुन्हा आणून देतो. शिक्का असला की प्रश्नच येत नाही.

पेट्रोल पंपाची, काट्याची आणि दुकानांतली मशीनमधून निघणारी बिलं थर्मल कागदावर असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या ऑफिसात ठेवलेली अशी बिलं पार कोरी पडतात. आली त्याच दिवशी झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढा आणि छापलेल्या भागावर सेलोटेप लावू नका, त्यानं अक्षरं आणखी लवकर उडतात.

अंगावरची रक्कम

कधीकधी खर्च किती होईल हे आधी माहीत नसतं. पार्सल सोडवायला पोरगा चालला, 400 दिले. अशा वेळी चिठ्ठी करा: नाव, रक्कम, काम, वेळ, सही. ती पेटीतच ठेवा, नोटांसारखी. तो परत आला की खर्चाचं व्हाउचर होतं, उरलेले पैसे पेटीत येतात आणि चिठ्ठी त्याच्यासमोर फाडली जाते. मुदत दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत. आधीची चिठ्ठी मिटली नसेल तर त्याच माणसाला दुसरी रक्कम नाही. पेटीत पंधरा दिवसांची जुनी चिठ्ठी सापडली तर ती चिठ्ठी नाही, उधारी आहे, आणि तिला त्या माणसाच्या खात्यावर न्यायला हवं.

फोनवरून दिलेले पैसे

आता चहाच्या गाड्यावरही क्यूआर कोड आहे, त्यामुळे निम्मा वरखर्च पोरं स्वतःच्या फोनवरून करतात आणि मग रोख मागतात. चालेल, पण नुसता स्क्रीनशॉट घेऊ नका. तोच स्क्रीनशॉट दोनदा येऊ शकतो. यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक व्हाउचरवर आणि वहीत लिहा, आणि लिहिण्याआधी तो आधी आलेला नाही हे पाहा. स्क्रीनशॉट पैसे गेल्याचा पुरावा आहे, काय घेतलं याचा नाही. बिल तरीही लागतं.

याहून चांगलं म्हणजे फर्मच्या नावानं एक वेगळं छोटं खातं उघडून त्यात थोडी रक्कम ठेवणं. समजा 10,000 पैकी 6,000 खात्यात आणि 4,000 पेटीत. समीकरणात खात्याची शिल्लकही धरा. लेजर, म्हणजे हिशेबातलं खातं, मात्र वेगळं: बँकेचं बँकेत, रोख रोखीत.

वही आणि मोजणी

वहीला डावीकडे आलेली रक्कम, मग तारीख, व्हाउचर क्रमांक, तपशील, एकूण रक्कम, आणि उजवीकडे खर्चाचे रकाने: चहा-नाश्ता, पाणी, वजनकाटा, पार्सल, स्टेशनरी, वाहतूक, दुरुस्ती. सात-आठ रकाने पुरतात. शेवटी "इतर" ठेवा, पण महिन्याच्या खर्चाचा दहावा हिस्सा जर तिथं जायला लागला तर एखादं खातं वेगळं काढायची वेळ आली आहे. गणपतीची, हरिनाम सप्ताहाची, जयंतीची वर्गणी "इतर"मध्ये टाकू नका. तिला स्वतःचा रकाना द्या आणि पावतीशिवाय देऊ नका.

मोजणी दोन प्रकारची. पेटीवाल्यानं रोज बंद करताना करायची, आणि दुसऱ्या कुणीतरी महिन्यातून एकदा, आधी न सांगता. दोन्ही वेळी नोटा पेटीवाल्याच्या समोरच मोजल्या जाव्यात. मागे मोजू नये. एक मोजणी नीट बघू. ठरलेली रक्कम 10,000.

500 च्या 4 म्हणजे 2,000. 200 च्या 3 म्हणजे 600. 100 च्या 7, 700. 50 च्या 6, 300. 20 च्या 9, 180. 10 च्या 14, 140. नाणी 37. रोख झाली 3,957. अंगावरची एक चिठ्ठी 400. वहीतल्या खर्चाची बेरीज 5,616. सगळं मिळून 9,973. म्हणजे 27 कमी.

इथं घाई करू नका. फरकाला 9 नं भाग जातोय का ते आधी बघा. 27 ला जातो, म्हणजे कुठेतरी दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी. व्हाउचरं वहीशी एकेक करून ताडली तर स्टेशनरीचं व्हाउचर 263 चं आणि वहीत 236 निघालं. खर्च 5,643 झाला, बेरीज 10,000 झाली. शून्य जास्त पडलं तरी, म्हणजे 10 चे 100 लिहिले तरी, फरक 90 येतो आणि त्यालाही 9 नं भाग जातो. फरक एखाद्या व्हाउचरइतकाच असेल तर ते लिहायचं राहिलं किंवा दोनदा लिहिलं. आणि 100 किंवा 500 असा गोल फरक असेल तर नोट चिकटून गेली का, आणि चिठ्ठी करायची राहिली का, हे विचारा.

शोधूनही सापडलं नाही तर फरक लिहून ठेवा. "रोख कमी-जास्त" नावाचं खातं काढा आणि तो तिथं न्या. पेटीवाल्याला दहा-वीस रुपये खिशातून भरायला लावू नका. ते वरकरणी न्यायाचं वाटतं, पण त्यानं काय होतं बघा: आज त्यानं 20 भरले, उद्या 30 जास्त निघाले तर ते तो सांगणार नाही, पुढच्या तुटीसाठी बाजूला ठेवेल. मग पेटी रोज जुळते आणि खरं काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही. वर्षभर एक रुपयाचाही फरक न आलेली पेटी ही थोडी जास्त बारकाईनं बघावी. सुट्या पैशांच्या व्यवहारात पाच-दहा इकडे-तिकडे होतातच. पण फरक दर महिन्याला येत असेल, नेहमी कमीच असेल आणि वाढत असेल, तर मात्र बोलायची वेळ आली.

पेटी भरणं आणि कीर्दीतली नोंद

पेटी भरताना व्हाउचरांची बेरीज जेवढी तेवढेच पैसे द्या, गोल आकडा नको. वरच्या उदाहरणात 5,643 चा सेल्फ चेक (रोख काढायला स्वतःच्याच नावानं लिहिलेला), 6,000 चा नाही. एटीएममधून काढलेत तर शंभराच्या पटीतच निघतील आणि ठरलेली रक्कम पहिल्याच आठवड्यात मोडेल. भरल्यावर पेटीत रोख 9,600 आणि चिठ्ठी 400, पुन्हा 10,000. बँकेतून काढताना सुटे मागून घ्या. वीस पाचशेच्या नोटा असलेली पेटी चहावाल्यासमोर काही कामाची नाही.

नोंदी अशा. सुरुवातीला: पेटी कॅश खातं नावे 10,000, बँक जमा 10,000, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही एफ4 ची काँट्रा (बँक आणि रोख यांच्यातल्या अदलाबदलीची) नोंद, आणि पेटी कॅशचं लेजर रोख शिल्लक या गटाखाली. पुढं दोन मार्ग आहेत. एक, भरताना खर्च थेट बँकेला लावायचा: चहा-नाश्ता 1,420, पाणी 960, वजनकाटा 1,000, पार्सल 310, स्टेशनरी 263, वाहतूक 750, दुरुस्ती 940 नावे, बँक 5,643 जमा. यात पेटीचं लेजर कायम 10,000 राहतं. दुसरा, रोजचा खर्च एफ5 पेमेंटमध्ये पेटी कॅशमधून लिहायचा आणि भरलेली रक्कम काँट्रानं. कुठलाही एक धरा. दोन्ही मिसळले, म्हणजे रोज पेमेंटही केलं आणि भरताना खर्चही टाकला, की तोच चहा दोनदा खर्ची पडतो. दुसऱ्या मार्गात तारखा सांभाळा. सोमवारी भरलेली रक्कम बुधवारी टाकली आणि खर्च मंगळवारचा असला तर मंगळवारची रोख शिल्लक वजा दिसते. पेटीत उणे पैसे असू शकत नाहीत, आणि लेखापरीक्षक पहिल्यांदा हेच पान उघडतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 1 एप्रिल 2023 पासून बदलांचा माग ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे नंतर गुपचूप तारीख सरकवायची सोयही उरलेली नाही.

एकाच टेम्पोवाल्याला किंवा वेल्डरला थोडे थोडे पैसे जात असतील तर त्यांची वर्षाची बेरीज अधूनमधून काढा. ठेकेदाराच्या कामात एका बिलाला 30,000 किंवा वर्षात 1,00,000 ओलांडले की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, लागू होतो, आणि कंपनी, फर्म किंवा आदल्या वर्षी एक कोटीच्या वर उलाढाल असलेल्या मालकीच्या धंद्याला तो कापावाच लागतो. पेटीतून गेलेले पैसे या बेरजेतून निसटतात, कारण वहीत नावाऐवजी "टेम्पो भाडं" एवढंच असतं.

31 मार्चला पेटी भरायचा वार नसला तरी त्या दिवशीपर्यंतची सगळी व्हाउचरं कीर्दीत गेली पाहिजेत. नाहीतर ताळेबंदात 10,000 रोख दिसते आणि पेटीत असतात चार हजार. संध्याकाळी दोघांनी मोजायचं, नोटांचा तपशील लिहायचा, सह्या करायच्या आणि तो कागद वर्षाच्या फाइलीत पहिला लावायचा. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्यांनी जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत ओढली तरी हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्चच आहे हे लक्षात ठेवावं.

व्हाउचरं महिन्यावारी, क्रमांकानुसार बांधा. जीएसटीसाठी कागद वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, कंपनीला हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचरं आठ वर्षं. गठ्ठे जमिनीवर ठेवले तर वाळवी लागते, भिंतीला टेकवले तर पावसाळ्यात ओल. पत्र्याच्या पेटीत, विटांवर उचलून, वर्ष आणि महिना बाहेरून लिहून ठेवा.